आपला जिल्हा उद्योजकापुढे कसा मांडावा: सोलापूरचं उदाहरण घेऊन, पायरीपायरीनं

उद्योग यावेत म्हणून जिल्ह्याची ओळख करून द्यायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी आधी पुस्तिका छापली जाते. मुखपृष्ठावर देवस्थानाचं शिखर, आत मान्यवरांचे संदेश आणि मग ‘मुबलक जमीन, कुशल मनुष्यबळ, उत्तम दळणवळण’. राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्याचं नाव घातलं तरी ही वाक्यं लागू पडतात, म्हणूनच ती वाचून कारखानदाराला काही ठरवता येत नाही. त्याचे प्रश्न नेमके असतात. चिंचोळी एमआयडीसीत भूखंड शिल्लक आहे का आणि चौरस मीटरला दर काय? पाणी रोज किती मिळेल, आणि मे महिन्यात किती? शिलाईला दोनशे बायका मिळतील का, त्या कुठून येतील? भरलेला कंटेनर न्हावाशेवा बंदराला किती तासांत पोचेल? जो जिल्हा याची खरी आणि ताजी उत्तरं आठवड्याभरात लेखी देतो, तिथे माणूस दुसऱ्यांदा येतो.

ही उत्तरं तयार कशी ठेवायची आणि योग्य माणसापर्यंत पोचवायची कशी, ते इथे सांगतो आहे. उदाहरण सोलापूरचं, कारण या जिल्ह्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते अजून नीट सांगितलं गेलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं. चेंबरचे पदाधिकारी, वसाहतीतल्या उद्योजक संघटना, जिल्हा उद्योग केंद्रातले अधिकारी, किंवा गावाकडे काहीतरी यावं म्हणून पुण्यात राहून धडपडणारे सोलापूरकर, कुणीही ही सुरुवात करू शकतं. तुमचा जिल्हा दुसरा असला तरी क्रम हाच ठेवा.

पहिली पायरी: फोन कुणी उचलायचा ते ठरवा

अमेरिकेत बऱ्याच काउंटींची स्वतःची आर्थिक विकास कचेरी असते. बाहेरचा उद्योजक तिथे एकदा गेला की पुढची धावपळ ती कचेरी करते. आपल्याकडे जिल्ह्याला असं एक दार नाही. भूखंड एमआयडीसीकडे, अनुदान जिल्हा उद्योग केंद्राकडे, वीज महावितरणकडे, धरणाचं पाणी जलसंपदा विभागाकडे, प्रदूषणाची संमती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, शहरातले परवाने महानगरपालिकेकडे. परवान्यांसाठी राज्याची ‘मैत्री’ ही एक खिडकी आहे आणि 2023 च्या कायद्यानं तिला वैधानिक बळही मिळालं आहे. पण पोर्टलवर अर्ज भरायची वेळ जागा ठरल्यावर येते. जागा ठरण्याआधी उद्योजकाला हवा असतो बोलायला माणूस.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ‘जिल्हा उद्योग मित्र’ समिती असते. तिच्या बैठकीत एकच ठराव करून घ्या: जिल्हा उद्योग केंद्राचा एक अधिकारी आणि स्थानिक संघटनेचा एक कारखानदार, अशी जोडी नेमायची. अधिकाऱ्याला नियम माहीत असतात, कारखानदाराला प्रत्यक्ष काय घडतं ते माहीत असतं. अधिकाऱ्याची बदली झाली तरी कारखानदार जागेवर राहतो, त्यामुळे जुन्या चौकशीचा धागा तुटत नाही.

दुसरी पायरी: कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही

‘सर्व प्रकारच्या उद्योगांचं स्वागत आहे’ असं लिहिणं सोपं आहे. त्यापेक्षा ज्या धंद्याला आपला जिल्हा खरोखर सोयीचा आहे असे चार-पाच धंदे निवडा.

सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 मध्ये उभी राहिली. गिरण्या गेल्या, पण यंत्रमाग राहिले, आणि तेलुगू भाषक पद्मशाली समाजाचं विणकामाचं कसब राहिलं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची कायदेशीर ओळख, आहे. चादरीचा धंदा आज अडचणीत आहे, दुसरीकडे विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो, ही वस्तुस्थिती आहे. टॉवेल मात्र परदेशी जातो. त्यामुळे ‘चादरीचं सोलापूर’ एवढ्यावर थांबू नका. बाहेरच्या खरेदीदाराला टॉवेल, हॉटेलं आणि रुग्णालयांना लागणारं कापड, आणि तयार गणवेश हे आधी दाखवा.

दुसरा धंदा फळांचा. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा हा डाळिंबाचा पट्टा. केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथेच ‘सोलापूर लाल’ हे वाण तयार झालं. सोलापूरच्या डाळिंबाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन आहे. करमाळ्याच्या कंदर भागातून केळी निर्यात होतात. देशातली शंभरावी किसान रेल्वे 28 डिसेंबर 2020 रोजी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली, यावरून इथून किती माल निघतो त्याचा अंदाज यावा. रस, दाणे काढून गोठवणं, पॅकहाऊस, शीतगृह, ज्वारीचे तयार पदार्थ, या धंद्यांना इथे कच्चा माल दारात आहे.

तिसरा धंदा यंत्रभागांचा. मोटारींचे कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स 1992 पासून सोलापुरात आहे आणि तिचा माल जगातल्या मोठ्या मोटार कंपन्यांकडे जातो. किर्लोस्कर फेरसची ओतशाळा इथे आहे. पुण्यातल्या वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या मध्यम कारखान्याला हा पुरावा पुरेसा बोलका आहे. रसायनांत बालाजी अमाइन्सचं नाव मोठं आहे. साखर, इथेनॉल, सहवीजनिर्मितीसाठी मात्र वेगळ्या जाहिरातीची गरज नाही. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर आहेच.

नको असलेल्यांची यादीही करा. ज्याला दिवसाला अफाट पाणी लागतं, अशा प्रकल्पाला सोलापूरच्या कोरड्या भागात बोलावणं म्हणजे त्याचं आणि शेतकऱ्याचं दोघांचं नुकसान. एखादा उद्योजक स्वतःहून विचारत आला, तरी त्याला हे स्पष्ट सांगावं.

तिसरी पायरी: माहिती तालुक्यागणिक गोळा करा

जिल्हा केवढा पसरलेला आहे ते लक्षात घ्या. सोलापूरचे अकरा तालुके, क्षेत्रफळ 14,895 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत 43 लाखांवर लोकसंख्या. माळशिरसचा नीरेच्या पाण्यावरचा बागायती भाग आणि अक्कलकोटचा सीमाभाग यांच्यात जमीन, पाणी, मजुरी, भाषा सगळंच वेगळं आहे. ‘जिल्ह्यात पाणी मुबलक’ किंवा ‘जिल्हा दुष्काळी’, ही दोन्ही वाक्यं निरुपयोगी.

प्रत्येक औद्योगिक वसाहतीसाठी एकेक पान करा: अक्कलकोट रस्ता, चिंचोळी, टेंभुर्णी, मंगळवेढा, कुर्डुवाडी. त्यात रिकामे भूखंड, दर, पाण्याचा स्रोत आणि मंजूर कोटा, सबस्टेशन किती अंतरावर आणि त्यावर भार घेण्याची क्षमता किती शिल्लक, सांडपाण्याची व्यवस्था, जवळचा आयटीआय आणि तिथले अभ्यासक्रम, जवळचा अग्निशमन बंब, एवढं हवंच. खाली माहिती घेतल्याची तारीख आणि माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद लिहा. तारखेवरून वाचणाऱ्याला कळतं की माहिती ताजी आहे.

दळणवळणाचं लिहिताना ‘मध्यवर्ती ठिकाण’ असं म्हणू नका. पुणे ते हैदराबाद महामार्गावर सोलापूर मधोमध आहे: पुणे सुमारे 250 किलोमीटर, हैदराबाद सुमारे 300. विजयपूर शंभराच्या आसपास आणि कलबुर्गीही जवळच. म्हणजे इथे गोदाम असलेला माणूस तीन राज्यांना एका रात्रीत माल देऊ शकतो. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय. मुंबईची वंदे भारत 10 फेब्रुवारी 2023 पासून धावते. विमानतळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन सप्टेंबर 2024 मध्ये झालं आणि 2025 मध्ये गोवा व मुंबईची विमानं सुरू झाली. विमानांची वेळापत्रकं बदलत असतात, तेव्हा पान पाठवण्याच्या दिवशी ती पुन्हा तपासा. ज्या पाहुण्यानं छापील वेळ पाहून तिकीट काढलं आणि विमान रद्द झालेलं निघालं, त्याचा बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

भाषेचा मुद्दा बहुतेक पुस्तिकांत राहून जातो. सोलापूर शहरात मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही भाषा रोजच्या व्यवहारात चालतात. हैदराबाद किंवा बंगळुरूच्या व्यापाऱ्याला इथल्या दुकानात, कारखान्यात त्याच्या भाषेत बोलणारा माणूस भेटतो. ही मोठी जमेची बाजू आहे, आणि माहितीची पानं तेलुगू-कन्नडमध्येही काढणं हा तिचा सरळ उपयोग.

चौथी पायरी: कामगारांबद्दल नेमकं सांगा

शिलाईचा कारखाना काढणाऱ्याला सगळ्यांत जास्त काळजी असते ती हातांची. सोलापूरचं याबाबतचं म्हणणं फार भक्कम आहे. शहराच्या पूर्वेला कुंभारी परिसरात विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, दहा हजार घरांची. त्याच भागात असंघटित कामगारांसाठी रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आहे. त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये कामगारांच्या हाती आली. एका ठिकाणी, स्वतःच्या घरात राहणाऱ्या इतक्या कष्टकरी बायका देशात फार थोड्या ठिकाणी सापडतील. विडीचं काम आणि त्यातली मिळकत आटत चालली आहे. त्यांना जवळ, सुरक्षित आणि बऱ्या मजुरीचं काम हवं आहे.

हे नुसतं लिहून भागत नाही. वसाहतीत जाऊन कामगार संघटनांशी बोला: शिलाई मशिन किती जणींना येतं, किती अंतरापर्यंत बायका कामाला जायला तयार आहेत, पाळणाघर लागेल का, संध्याकाळी किती वाजता घरी पोचायला हवं. मग महानगरपालिकेच्या बसचा मार्ग आणि वेळ पाहा. उद्योजकाला ‘वसाहतीपासून कारखान्यापर्यंत अमुक बस, अमुक वेळेला’ असं सांगता आलं, तर त्याचा अर्धा निर्णय तिथेच होतो. आणि मजुरीचा आकडा सांगताना स्वस्ताई हा गुण म्हणून सांगू नका. कमी मजुरीच्या आशेनं आलेला कारखाना त्याहून स्वस्त जागा सापडली की निघून जातो.

पाचवी पायरी: पाण्याचं खरं सांगा

सोलापूरला येणारा प्रत्येक जण पाण्याबद्दल विचारतो, आणि इथेच सगळ्यात जास्त गोलमाल उत्तरं दिली जातात. उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरला जाणारा तळाचा साठा. टक्केवारी त्याच्या वरच्या पाण्याची मोजतात. म्हणूनच बातम्यांत धरण ‘उणे’ टक्क्यांत जातं. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. या पाण्यावर शेती, ऊस, शहरं, वीजनिर्मिती सगळ्यांचा हक्क आहे. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे उद्योजकाला पहिल्याच चहाच्या टपरीवर कळतं.

म्हणून आधी आपणच सांगा. गेल्या पाच-दहा वर्षांतल्या उन्हाळ्यांत प्रत्येक वसाहतीला किती दिवस कपात झाली ते एमआयडीसीकडून लेखी घ्या आणि जसंच्या तसं द्या. सोबत उपायही द्या: प्रक्रिया केलेलं सांडपाणी कुठे मिळू शकेल, पावसाचं पाणी साठवायला भूखंडावर किती जागा लागेल, कुठल्या कारखान्यानं पाण्याचा पुनर्वापर कसा बसवला आहे. टॉवेल रंगवणाऱ्याला आणि शर्ट शिवणाऱ्याला लागणाऱ्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शर्ट शिवणाऱ्याला हे मोकळेपणानं सांगितलंत तर तो घाबरणार नाही, उलट बाकीच्या माहितीवरही विश्वास ठेवील.

सहावी पायरी: सवलतींची भाषा सांभाळा

उद्योगांना सवलती देणाऱ्या राज्य सरकारच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे गट असतात आणि गटानुसार सवलती बदलतात. ‘शंभर टक्के परतावा’ असं ठळक अक्षरांत छापण्याआधी तुमचा तालुका कुठल्या गटात आहे, योजनेची मुदत कुठवर आहे, नवा शासन निर्णय आला आहे का, हे उद्योग केंद्राकडून तपासून घ्या.

सोलापूरसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात एक बारकावा फार महत्त्वाचा. 2019 च्या योजनेत औद्योगिक प्रोत्साहन अनुदान हे राज्यातल्या पहिल्या विक्रीवर भरलेल्या राज्य जीएसटीशी जोडलेलं होतं. इथल्या कारखान्याचा माल सहज कर्नाटकात, तेलंगणात जातो, आणि आंतरराज्य विक्रीवर वेगळा कर लागतो. म्हणजे ज्याचा निम्मा माल हैदराबादला जाणार आहे त्याचं गणित पुण्याला विकणाऱ्यापेक्षा वेगळं पडतं. हे आधीच समजावून सांगा आणि त्याच्या सीएला सोबत बसवा. व्याज अनुदान, वीज शुल्क आणि मुद्रांक शुल्कातली माफी, वस्त्रोद्योगासाठी 2023 ते 2028 चं वेगळं धोरण, यांपैकी त्याला नेमकं काय बसतं ते एका कागदावर मांडून द्या.

सातवी पायरी: आधीच्या कारखानदाराला पुढे करा

जिल्ह्याबद्दल सगळ्यांत विश्वासानं बोलू शकतो तो इथे धंदा करून टिकलेला माणूस. सोलापूरच्या गणवेश उद्योगानं हे करून दाखवलं आहे. इथल्या तयार कपडे उत्पादकांच्या संघानं 2017 पासून गणवेशांचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. आधी सोलापुरात भरवलं, पुढे ते बंगळुरू, हैदराबादला नेलं. खरेदीदार आपल्या दारात येण्याची वाट पाहण्याऐवजी हे लोक त्याच्या शहरात गेले, आणि शाळांच्या गणवेशासाठी सोलापूरचं नाव दक्षिणेत पोचलं. संघटना, सरकार आणि लहान कारखानदार एकत्र आले की काय होऊ शकतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला जिल्ह्यात दिसत नाही.

यातून पुढचं काम निघतं. तुमच्या जिल्ह्यातल्या तीस-चाळीस कारखानदारांकडे जा आणि एकच प्रश्न विचारा: तुम्ही बाहेरून काय विकत आणता? गणवेशवाल्याला कापड, बटणं, चेन, धागा, लेबल, खोकी लागतात. यंत्रभागवाल्याला साचे, उष्णताप्रक्रिया, चाचणी प्रयोगशाळा लागते. डाळिंबवाल्याला पेट्या आणि शीतवाहनं लागतात. ज्या वस्तूचं नाव पुन्हा पुन्हा येईल, ती बनवणारे किंवा पुरवणारे तुमचे पहिले पाहुणे. त्यांना गिऱ्हाईक आधीच तयार आहे, आणि ते गिऱ्हाईक स्वतः फोन करून बोलावतं आहे. शंभर अनोळखी कंपन्यांना पत्रं पाठवण्यापेक्षा अशा दहा फोनांतून जास्त निघतं.

हाच प्रश्न विचारताना त्यांच्या तक्रारीही ऐकून घ्या. रस्त्यावरचे दिवे, वारंवार जाणारी वीज, पोलीस चौकी, साचणारं पाणी. त्यातली चार कामं नवा पाहुणा येण्याआधी करून घ्या. पाहुणा नक्की शेजारच्या कारखान्यात डोकावतो आणि विचारतो.

आठवी पायरी: भेटीचा दिवस

एखादा उद्योजक बघायला येतो तेव्हा सत्काराला दहा मिनिटं पुरेत. सकाळी भूखंड, तोही मोजणीचा नकाशा आणि सातबारा किंवा वाटपाची कागदपत्रं हातात घेऊन. मग त्याच धंद्यातला एक चालू कारखाना, जिथे तो मालकाशी एकटा बोलू शकेल; अधिकारी बाहेर थांबले तर उत्तम. दुपारी आयटीआय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालय, शक्य असल्यास शेवटच्या वर्षाच्या मुलांशी गप्पा. संध्याकाळी त्याच्या कुटुंबाच्या दृष्टीनं शहर: शाळा, दवाखाना, भाड्याचं घर. मोठ्या पगाराचा व्यवस्थापक पुण्याहून इथे राहायला येईल का, हा प्रश्न मालक तोंडानं विचारत नाही, पण त्याच्या मनात असतोच.

दोन दिवसांत त्याच्या सगळ्या अनुत्तरित प्रश्नांची लेखी उत्तरं पाठवा. ज्याचं उत्तर मिळालं नाही, तिथे कधी मिळेल ते लिहा.

नववी पायरी: करारानंतरची नोंदवही

गुंतवणूक परिषदेत सामंजस्य करार होतात, फोटो निघतात, आकडे जाहीर होतात. खरं काम त्यानंतरचं. प्रत्येक प्रस्तावासाठी ताबा मिळाला, बांधकाम परवाना, वीजजोड, पहिलं उत्पादन, किती जणांना काम, एवढे रकाने ठेवा. जिल्हा उद्योग मित्रच्या दर बैठकीत अडलेल्या प्रकरणांची यादी वाचा आणि कुठल्या टेबलावर अडलंय ते लिहा. ज्यांनी सोलापूर नाकारलं, त्यांनाही सहा महिन्यांनी फोन करून कारण विचारा. ती कारणं पुढच्या वर्षीच्या जिल्हा वार्षिक योजनेत रस्ता किंवा सबस्टेशन मागताना उपयोगी पडतात.

यशाची मोजणी करताना निव्वळ ‘उद्यम’ या लहान-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या संख्येवर जाऊ नका, कारण जुने दुकानदारही नोंदणी करतात. नवे उच्चदाब वीजजोड आणि भविष्य निर्वाह निधीत नोंदलेले नवे कामगार यांवरून चित्र जास्त खरं दिसतं. निर्यातीचे जिल्हावार आकडेही मिळतात, पण ते निर्यातदारानं शिपिंग बिलात मालाचा मूळ जिल्हा कोणता लिहिला त्यावर ठरतात. सोलापूरचा टॉवेल मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत गेला आणि एजंटानं सवयीनं दुसराच जिल्हा भरला, तर तो माल आपल्या खात्यात येतच नाही. तेव्हा या महिन्यात एवढं करा: जिल्ह्यातल्या निर्यातदारांची आणि त्यांच्या कस्टम्स एजंटांची एक बैठक घ्या, आणि जिल्ह्याच्या रकान्यात ‘सोलापूर’ लिहायला सांगा.